मैनेची सरकारी शाळा

नाशिकरोड
५ मे १९७४

चि. जयराम,
जयभीम.

तुझ्या पत्राला महिना झाला, उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नकोस. आता जे लिहायचंय ते लिहवत नाही. आपली मैना सातवीत नापास झाली. विज्ञान आणि गणित दोन्हींत. अरे, दाजींचं घड्याळ उघडून आत काय आहे ते बघत बसणारी पोर ती!

मी शाळेत गेले. तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलगी प्रश्न फार विचारते, उत्तरं पाठ करत नाही. तिला विज्ञान झेपायचं नाही." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "तुम्ही नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका ना? मग तुमच्याच शाळेत घाला की. तिथे चालून जाईल."

चालून जाईल म्हणे! माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. इतकी वर्षं पोटाला चिमटा घेऊन फी भरली ती काय हे ऐकायला? आणि आमच्या शाळेत घालू? आमच्याकडे एका तरी मास्तराचं पोर आमच्या शाळेत आहे का, सांग बरं. ज्यांना दुसरीकडे जागा नाही त्यांची शाळा ती. मी तिथे जीव तोडून शिकवते ती गोष्ट वेगळी.

मैना धड जेवत नाही. काल विचारत होती, "आई, मी खरंच मठ्ठ आहे का गं?" मला रडूच आलं. तुझे दाजी प्रेसमधून ड्युटी करून येतात आणि भिंतीकडे बघत बसतात. तान्ही कला मांडीवर किरकिर करते. तू एवढा सातासमुद्रापलीकडे विज्ञान शिकवतोस, तूच सांग, या पोरीचं काय करू?

तुझी अक्का


काब्वे, झांबिया
१ जून १९७४

ती. अक्का,
जयभीम.

मैना मठ्ठ असेल तर मग मी तिचा मामा कसला! तिला माझ्याकडे पाठव. थांब, हसू नकोस आणि दाजींनाही हसू देऊ नकोस. पुरतं वाच.

मी शिकवतो ती सरकारी शाळा आहे. माध्यम इंग्रजी, तिच्या तिथल्या शाळेसारखंच, म्हणजे मैनेला भाषेची अडचण नाही. देश स्वतंत्र होऊन दहा वर्षं होताहेत, शिक्षक कमी पडतात म्हणून आमच्यासारखे जगभरातून आणलेत. शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी एक आयरिश मास्तर बसतो, समोर एक सिलोनी बाई. फी नाही, पुस्तकंही शाळाच देते. प्रयोगशाळेत दोन मुलांमागे एक टेबल असतं आणि प्रयोग मुलंच करतात. तिकडे आपण काचेच्या कपाटातल्या चंबूकडे लांबून बघायचो, मास्तर छडीने दाखवायचे, आठवतं ना? माझ्या वर्गात कुणी प्रश्न विचारला नाही तर मलाच चुकल्यासारखं होतं.

जानेवारीत नवीन वर्ष सुरू होतं. मी आमच्या हेडमास्तरांशी, मिस्टर मुलेंगांशी बोललोय. पालक म्हणून माझं नाव लागेल. मैना आमच्याच क्वार्टरमध्ये राहील, मामी तर आत्तापासून तिची खोली लावतेय. शेवटी सगळ्या देशाची मिळून एकच परीक्षा असते, ती पास झाली की पुढचं शिक्षण कुठेही.

हो म्हण, अक्का.

जयराम


नाशिकरोड
१० जुलै १९७४

चि. जयराम,
जयभीम.

तुझं पत्र दाजींनी दोनदा वाचलं, मी चारदा. लोक पोरांना इंग्लंड-अमेरिकेला पाठवतात. आम्ही पाठवायचं कुठे, तर आफ्रिकेत, आणि तेही सरकारी शाळेत! शेजारच्या बाई तर तोंडाला पदर लावून हसल्या. आणि फी नाही म्हणतोस, फी नाही ती कसली रे शाळा?

तुझ्या एका जुन्या पत्रात होतं की तिथे खाणकंपनीची एक शाळा आहे, गोऱ्या साहेबांची मुलं जातात, कोट घालून. तिथेच का घालत नाहीस तिला? लागेल ते आम्ही पाठवू. पोरगी एवढ्या लांब जाणार तर जरा नावाच्या शाळेत जाऊ दे.

विंचूरला जाऊन आईला सांगितलं. मला वाटलं ती रडून गोंधळ घालील. तर म्हणते कशी, "तिथं वाघ हाईत म्हनं. असू दे. हितं काय कमी हाईत? जाऊ दे पोरीला." आता बोल!

मैना मात्र नकाशा उघडून बसलीय. किती दिवसांनी तिचा चेहरा फुललाय. म्हणून सांगते, घेऊन जा. पण खाणकंपनीच्या शाळेचा विचार कर हं.

अक्का


काब्वे
९ मार्च १९७५

प्रिय आई,
जयभीम.

आई, मी खूप मजेत आहे! मामाने मला आधी खाणकंपनीची शाळा बघायला नेलं होतं, तू सांगितलं होतंस म्हणून. हिरवळ छान आहे, कोटही छान आहे. पण तिथली मुलं दर दोन वर्षांनी आपापल्या देशात परत जातात आणि त्यांचं लक्ष सगळं तिकडेच. आमच्याशी कुणी बोललंही नाही. मग आमची शाळा बघितली. दारातच एका मुलीने हात धरला आणि म्हणाली, "तू नवीन का? चल, तुला विहीर दाखवते." तिचं नाव चांदा. दचकू नकोस, आपल्याकडचं वाटलं तरी इथे हे नाव घरोघरी आहे. ती हेडमास्तरांचीच मुलगी आहे, पण मला ते आठवड्यानंतर कळलं.

मागच्या आठवड्यात माझ्या हातून काचेची नळी फुटली. मी रडायच्या बेतात होते. आयरिश सर म्हणाले, "का फुटली ते लिहून आण." मी दोन पानं लिहिली. त्यांनी ती वर्गात वाचून दाखवली, आई! नापास झालेल्या मुलीची दोन पानं!

आणि एक गंमत. इथे दर बुधवारी दुपारी सगळी शाळा शेतात. शाळेचं स्वतःचं शेत आहे, मका, कोबी, कोंबड्या. मला कोबीचा वाफा मिळालाय. कुदळ धरून हाताला फोड आले, मामीने हळद लावली. चांदा माझ्या पुढच्या वाफ्यात असते, मुलेंगा सर शेवटच्या.

कलाला पापा. बाबांना सांग, इथे वाघ नाहीत, आजीला कुणीतरी फसवलंय.

तुझी मैना


नाशिकरोड
२ एप्रिल १९७५

जयराम,

मैनेचं पत्र वाचलं. हेच का तुझं विज्ञान? हातात कुदळ! हाताला फोड! मी पोरीला शिकायला पाठवलं की रोजंदारीला? आपल्या बापाने जन्मभर लोकांच्या रानात कांदे काढले. मरताना म्हणाले, "माझ्या पोरांच्या हातात आता फक्त लेखणी." तू तिथे होतास ना रे खाटेजवळ? मग त्यांच्या नातीच्या हातात तूच कुदळ दिलीस? तुला काहीच कसं वाटलं नाही?

मी गप्प बसणारी बाई नाही, तुला माहीत आहे. चौकातल्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी सर्टिफिकेट दिलंय: मुलीचं हृदय नाजूक आहे, तिला अंगमेहनतीचं काम देऊ नये. भला माणूस, लगेच लिहून दिलं. ते कालच रजिस्टर्ड पोस्टाने तुझ्या हेडमास्तरांच्या नावावर पाठवलंय. आमच्याकडे कवायत चुकवायला सगळेच असं करतात, त्यात काही वावगं नाही.

फी नाही म्हणालास तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, यात काहीतरी गोम असणार.

लता


काब्वे
११ मे १९७५

अक्का, अक्का, काय करून बसलीस!

तुझं पाकीट पोचलं. मिस्टर मुलेंगांनी मला बोलावलं. चेहरा इतका गंभीर मी कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "मिस्टर जाधव, तुमच्या भाचीचं हृदय दुबळं आहे हे तुम्ही माझ्यापासून लपवलंत?" इथे डॉक्टरचा कागद म्हणजे डॉक्टरचा कागद गं! त्यांनी त्याच दिवशी तिचं शेत बंद केलं, खेळ बंद केला, वर्गात पहिल्या बाकावर खिडकीजवळ बसवलं. दुपारी शिपाई तिच्यासाठी पेज घेऊन येतो. चांदा तिचं दप्तर उचलते. मैना रडून बेजार झालीय.

हे एवढंच असतं तर मी हसलो असतो. पण प्रवेश देताना मुलगी निरोगी आहे असं मी लिहून दिलं होतं. ते म्हणतात, "परक्या देशातलं आजारी मूल मी कुणाच्या जबाबदारीवर ठेवू? तिच्या आईच्या जवळ असणंच तिला बरं." सत्र ऑगस्टमध्ये संपतं. तोवर उलगडा झाला नाही तर मैनेला परत पाठवायचं ठरलंय.

मी काय सांगू त्यांना? माझी बहीण खोटं बोलली म्हणून सांगू? तुझं नाव माझ्या तोंडून निघत नाही. पोरगी गणितात वर्गात दुसरी आलीय आणि मी तिच्या परतीची चौकशी करतोय.

तुझ्यावर खूप राग आलाय, अक्का. पत्राला मोठी बहीण म्हणून नव्हे, मास्तरीण म्हणून उत्तर दे.

जयराम


काब्वे
१५ जून १९७५

प्रिय आई,

मामा म्हणाला, आईला लिहू नकोस, तो स्वतः बघेल. पण हृदय माझं आहे, म्हणून मीच लिहिते.

सरांनी मला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी मला जिन्याने वर-खाली पळवलं, छातीला नळी लावली आणि खळखळून हसल्या. म्हणाल्या, "हे हृदय माझ्यापेक्षा जास्त चालेल."  शाळेत आल्यावर सर म्हणाले, "मग तो कागद काय होता?"

आई, मी खरं सांगितलं. मला खोटं जमलं नाही. म्हटलं, "सर, माझे आजोबा दुसऱ्यांच्या रानात राबले. माझ्या हातात कुदळ आलेली माझ्या आईला बघवत नाही."

मला वाटलं आता रागावणार. ते खुर्चीत मागे टेकून बसले. म्हणाले, "माझे वडील गोऱ्याच्या मळ्यात राबले. त्या गोऱ्याच्या मुलांच्या हातात मी कधी कुदळ पाहिली नाही. म्हणून मी हेडमास्तर झालो तेव्हा ती सगळ्यांच्या हातात दिली. माझ्या मुलीच्या आधी दिली." मग म्हणाले, "तुमच्याकडची शिवाशिव तुझ्या मामाने मला सांगितलीय. तुझी आई शिक्षिका आहे ना? तिला विचार, तिच्या लहानपणी शाळेत झाडू कुणाच्या हातात असायचा. ती मला नक्की समजून घेईल."

ते मला ठेवून घ्यायला तयार आहेत. पण आईच्या इच्छेविरुद्ध नाही. तुझं पत्र हवंय त्यांना, खरं पत्र. आई, मला इथून नेऊ नकोस गं. मी पहिल्यांदा हुशार आहे.

मैना


नाशिकरोड
८ जुलै १९७५

माझी मैना,

तुझं पत्र शाळेत आलं. मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढचा तास मला घेताच आला नाही. मुलांना शुद्धलेखन घातलं आणि खिडकीत उभी राहिले.

झाडू कुणाच्या हातात असायचा विचारतात तुझे सर? माझ्याच. आम्ही शिकलो त्या शाळेत वर्ग झाडायचं काम आमच्या वस्तीतल्या दोन-तीन पोरांचंच होतं. बाकीची पोरं तोवर आट्यापाट्या खेळायची. गुरुजी ओट्यावरून म्हणायचे, "लते, तो कोपरा राहिला." जयराम लहान होता, त्याच्या वाट्याचंही मीच झाडायचे. त्याला हे आठवतही नसेल. मी कुणाला कधी सांगितलं नाही, तुझ्या बाबांनासुद्धा.

म्हणून तू कुदळ लिहिलंस आणि मला झाडू दिसला. पुढच्याच ओळीत लिहिलं होतंस की सरांची मुलगी तुझ्या पुढच्या वाफ्यात असते आणि सर शेवटच्या. ती ओळ मी वाचलीच नाही बघ. काल पत्र काढून पुन्हा पाहिलं, तर स्पष्ट लिहिलेली! एवढी वर्षं मी मुलांना सांगते, नीट वाचा, पूर्ण वाचा.

सरांना वेगळं पत्र पाठवलंय. इंग्रजी तुझ्या बाबांचं, बोलणं माझं. लिहिलंय की माझी मुलगी ठणठणीत आहे, कागद खोटा होता, तो मीच आणला. आणि लिहिलंय: साहेब, ज्या शाळेत तुमच्या मुलीच्या हातात कुदळ आहे, त्या शाळेत माझ्या मुलीच्याही हातात द्या.

राहा बाळा तिथेच. पेज बंद कर आणि नीट जेव. मामाला सांग, अक्काने कान पकडलेत.

आई


काब्वे
२० नोव्हेंबर १९७७

प्रिय आई,

शाळाशाळांच्या विज्ञान स्पर्धेत आम्ही पहिल्या आलो, मी आणि चांदा! फुटक्या बाटल्या उलट्या टांगून कोबीला थेंब थेंब पाणी द्यायची आमची युक्ती. अर्ध्या पाण्यात वाफा हिरवागार राहिला. परीक्षकांनी विचारलं, "ही कल्पना कुठे सुचली?" चांदा म्हणाली, "पाणी वाहून वाहून खांदे दुखले तेव्हा." सगळे हसले.

खाणकंपनीच्या शाळेचे हेडमास्तर नंतर मामाला भेटले. मला तिथे घ्यायला तयार आहेत, फीशिवाय. कोटही देणार म्हणे! मामा म्हणतो, आईला विचार. तर विचारते. माझ्या मनात काय आहे ते मुद्दाम लिहीत नाही.

मैना


नाशिकरोड
१२ डिसेंबर १९७७

मैने,

लिहिलं नाहीस तरी कळलं. कोट शिवायला आपल्याकडे शिंपी आहेत. तू आहेस तिथेच राहा, आणि त्या साहेबांना आमचा नमस्कार सांग.

मला एकेकाळी काय हौस होती त्या शाळेची! आता पत्र वाचून पहिली काळजी वाटली ती चांदाची, तिचा जोडीदार गेला तर ती प्रयोग कुणाबरोबर करील? बाबा म्हणतात, आई बदलली. बदलली तर बदलली.

आई


काब्वे
४ मार्च १९८०

अक्का,

निकाल लागला! तार केलीच आहे, पण तारेत माझा आनंद मावेना. मैना पहिल्या श्रेणीत. सहा विषयांत सर्वांत वरचा दर्जा, त्यात पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित तिन्ही. अख्ख्या प्रांतात तिच्या वर फक्त एक मुलगी आहे आणि ती चांदा. दोघी फळ्याजवळ एकमेकींना मिठ्या मारून इतक्या नाचल्या की आयरिश मास्तराचा चष्मा पडला.

लुसाकाच्या विद्यापीठात विज्ञान शाखेत दोघींना प्रवेश मिळालाय. मिस्टर मुलेंगा सभेत बोलताना गहिवरले. म्हणाले, "या मुलीच्या आईने मला एक पत्र लिहिलं होतं. इतक्या वर्षांत मला त्याच्याइतकं मोठं प्रशस्तिपत्र कुणी दिलं नाही." सगळी शाळा उभी राहिली, अक्का. तू नव्हतीस, पण टाळ्या तुलाच होत्या. मी मान खाली घालून ढसाढसा रडलो, आणि मामी तर काय, आधीपासूनच रडत होती.

तुझा जयराम


नाशिकरोड
१५ जून १९८०

चि. जयराम आणि माझी विद्यापीठवाली मैना,
जयभीम.

पत्राला उशीर झाला, कारण पेढेच संपेनात! दाजींनी प्रेसमध्ये अख्ख्या पाळीला वाटले. ते तीन महिने ताठ मानेने चालताहेत, मी म्हटलं मान अवघडेल. विंचूरला आईने पारावर उभं राहून सांगितलं, "माझी नात वाघाच्या देशात पयली आली." आता वाघ नाहीत म्हणून कोण सांगणार तिला? मी नाही सांगत.

शेजारच्या त्या बाई आपणहून घरी आल्या. पदर तोंडाला नव्हता या वेळी. त्यांच्या पुतण्यासाठी विचारत होत्या, "लताबाई, त्या देशातल्या सरकारी शाळेत आणखी कुणाला घेतात का हो?" मी म्हटलं, जयरामला विचारून सांगते. आता तूच बघ बाबा.

मैनेच्या जुन्या शाळेचंही बोलावणं आलं. "आमच्या माजी विद्यार्थिनीच्या मातेचा सत्कार." मोठ्या बाई त्याच, चष्मा नवा. मी गेले, हारही घेतला. मग म्हणाले, "बाई, हा हार मी काब्वेला पाठवते. तुम्ही तिला झेपायचं नाही म्हणालात, आणि तिथल्या सरकारी शाळेने तिला काय झेपतं ते विचारलं."  दाजी मागच्या रांगेत एकटेच टाळ्या वाजवत होते. नंतर हळूहळू सगळ्यांनी वाजवल्या.

परवा आमची शाळा उघडली. कला सहा वर्षांची झाली. तिच्यासाठी त्याच फीच्या शाळेत मी दोन वर्षांपूर्वीच नाव सांगून ठेवलं होतं, तुला कधी लिहिलं नाही. सकाळी तिला वेणीफणी करून बाहेर पडले. चौकात एक रस्ता त्या शाळेकडे वळतो, एक माझ्या. कला विचारते, "आई, इकडे तर तुझी शाळा आहे ना?" म्हटलं, "आजपासून तुझीही."

आमचे हेडमास्तर हजेरीपट लिहीत बसले होते. मी कलाला टेबलासमोर उभं केलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कलाकडे बघितलं, टाक खाली ठेवला. म्हणाले, "लताबाई, नीट विचार केलाय ना? आपल्या शाळेत आजवर एकाही मास्तराचं मूल नाही."

मी म्हटलं, "लिहा सर. ही पहिली."

तुमची,
लता